पुरा भार

शेतकऱ्याच्या घरात माणसांपेक्षा दोर जास्त. बैलाची वेसण, गाईचं दावं, औताचा कासरा, गाडीवर कडबा आवळायचं चऱ्हाट, लेकराच्या पाळण्याची दोरी. माझ्या वडिलांच्या काळात मोटेचा नाडा होता, मनगटाएवढा जाड. भरलेली मोट वर येत असताना नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बैल धावेवर तोंडघशी. म्हणून वडील रोज सकाळी मोट जुंपायच्या आधी तो नाडा मुठीतून सोडत, कुठं झिजलाय का बघत. बघून झालं की मग दिवसभर त्याच्याकडं ढुंकूनही पाहत नसत. तपासायच्या वेळी तपासायचं आणि नंतर त्याच्यावर सोपवायचं, ही त्यांची रीत.

मी दहावी झालो आणि शेतात आलो. घरच्या शेतीवर भागेना म्हणून काही वर्षं विहिरींच्या कामावर गेलो. यारीच्या दोराला अडकवलेल्या टोपल्यात बसून चाळीस-पन्नास फूट खाली उतरायचं, पहारीनं भोकं घ्यायची, सुरुंग ठासायचे, वर यायचं. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. आमचा सगळा मुलूख या काळ्या पाषाणावर बसलेला. तेव्हा वाटायचं, दगड आणि दोर यातलं मला आता शिकायचं काही राहिलं नाही. पण अंगाचा पुरा भार दोरावर टाकणं म्हणजे काय, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही माझ्या लेकीमुळं.

आमचं घर ख्रिस्ती. आजोबांच्या काळात बाप्तिस्मा झाला. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात अशी घरं गावोगाव आहेत. रविवारी मिस्सा, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा, आणि बाकीचे दिवस कांदा, ऊस, दूध. शेजारच्या शेतकऱ्याचं जे, तेच आमचं. पाऊस धर्म विचारून पडत नाही आणि कांद्याचा भावही विचारून पडत नाही.

लहानपणी रात्री जपमाळ झाली की वडील आम्हाला आज्ञा म्हणायला लावत. येशूला एका शास्त्र्यानं विचारलं होतं, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती? त्यानं मोशेच्या वेळेपासून चालत आलेलीच सांगितली. देवावर प्रेम करायचं तर मन, जीव, बुद्धी, ताकद यातलं काही मागं राखून करायचं नाही. सगळं द्यायचं.

हे 'सगळं' मला कायम अडायचं. कारण शेतकरी कधीच सगळं एका जागी लावत नाही. पाच एकर असले तर दोनात कांदा, एकात बाजरी, थोडा ऊस, गाईंपुरता घास. कांद्यानं मारलं तर दूध तारंल, दूध पडलं तर ऊस आहे. सगळा पैसा एका पिकात घालणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणत नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेला माणूस कणगीचा तळ कधी दिसू देत नाही. मग देवाशीच व्यवहार करताना काही हातचं न ठेवता कसा करायचा? हा सवाल मी कुणाला विचारला नाही. फादरांनाही नाही. आमच्यातले बरेचसे लोक तो सवाल पोटात घेऊनच रविवारी गुडघे टेकतात.

आमची धाकटी नर्सिंगला पुण्यात होती. माझा पुतण्याही तिथंच नोकरीला. त्याला कातळ चढायचा नाद. सुट्टी आली की चार पोरं मिळून दोर, हूक, हेल्मेटं घेऊन सह्याद्रीत. पुढं बहिणीलाही नेऊ लागला. तिची आई बोलायची, "पोरीच्या जातीला हे कशाला?" पण पोरगी मिस्सा चुकवत नव्हती, परीक्षेत मागं नव्हती, म्हणून बोलणं तिथंच थांबायचं.

तिच्या बायबलात एक फोटो असायचा. कातळाला चिकटलेला एक तरुण, तोंडात पाईप. मला वाटलं कुणी नट असंल. ती म्हणाली, हा पिएर जॉर्जिओ फ्रासाती, इटलीतल्या तुरीन शहरातला. बाप मोठ्या वर्तमानपत्राचा मालक. हा मात्र घरचे पैसे गोरगरिबांना वाटत शहरातून पायी हिंडायचा आणि सुट्टी मिळाली की आल्प्स पर्वतात दोस्तांना घेऊन चढायचा. डोंगरात जायच्या आधी मिस्सा ऐकायची, हा त्याचा शिरस्ता. १९२५ साली पोलिओनं गेला, अवघा चोवीस वर्षांचा. अंत्ययात्रेला तुरीनचे गरीब लोटले, तेव्हा कुठं घरच्यांना कळलं की आपला पोरगा काय करत होता. शेवटच्या चढाईच्या फोटोवर त्यानं दोनच शब्द लिहिले होते, 'वरच्या दिशेनं' अशा अर्थाचे. १९९० साली पोपनी त्याला धन्यवादित म्हणून जाहीर केलं. मला हे ऐकून नवल वाटलं. संत म्हणजे हात जोडलेला, डोळे मिटलेला, एवढंच मी मूर्तीत पाहिलेलं. हा तर पाय खाचेत रोवून वर बघत होता.

२०१३ च्या पावसाळ्यात ती घरी आली आणि रात्री भाकरी खाता खाता म्हणाली, "दादा, मला सिस्टर व्हायचंय."

तिच्या आईच्या हातातला तुकडा तसाच राहिला. मग ती म्हणाली, "नर्स झालीस ना? ती काय सेवा नाही? लग्न कर, दोन लेकरं होऊ दे, आणि कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात कामाला जा. कोण नको म्हणतंय?"

म्हणजे थोडा कांदा, थोडी बाजरी. आईचं काही चुकत नव्हतं. आमच्या सात पिढ्यांचं शहाणपण त्या बोलण्यात होतं. मी एवढंच म्हणालो, "नाताळपर्यंत थांब. मग बोलू."

डिसेंबरात पुतण्या आला. "तात्या, या खेपेला तुम्हीबी चला. मदनला जातोय आम्ही. बघा तर खरं तुमची पोरगी काय करती ते."

अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले आमच्या शेजारच्या अकोले तालुक्याच्या टोकाला, कळसूबाईच्याच रांगेत. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिथं आता लोखंडी शिड्या आहेत, आयाबाया नवरात्रात चढतात. मदनचं तसं नाही. आंबेवाडीतून पहाटे निघालो. कारवीतून चढ, मग अलंग आणि मदन यांच्यामधली खिंड, मग कड्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. आणि चालता चालता पायऱ्या संपतात. १८१८ साली राज्य घेतल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा सुरुंगानं उडवल्या, त्यातली ही एक. सुरुंगानं फुटलेला दगड मला लांबून ओळखू येतो. इथं तो ओळखू आला. पुढं साधारण पन्नास फुटांचा उभा टप्पा, आणि मग वर पुन्हा पायऱ्या.

आंबेवाडीचा एक पोरगा सोबत होता. पायात काही नाही. दोराचं टोक कमरेला बांधून तो मांजरासारखा वर गेला आणि दगडात ठोकलेल्या कड्यात दोर अडकवून आला. मी तो दोर हातात घेऊन बघितला. बोटाएवढा जाड. आमच्या नाड्यापुढं काहीच नाही. पुतण्या म्हणाला, "तात्या, वर दिसते ती नुसती वीण, खोळ. खरा भार आतल्या गाभ्याचे धागे उचलतात. वीण त्यांना घासण्यापासून जपते. आणि हा थोडा ताणतो, म्हणून माणूस पडला तरी कंबरडं मोडत नाही."

मग धाकटी पुढं झाली. कमरेला पट्टे आवळले. तिनं स्वतःची गाठ बघितली, मग पुतण्यानं तिची बघितली, मग तिनं त्याची बघितली. रोज एकमेकांबरोबर चढणारी माणसं, तरी दर वेळेला हे करायचंच. मला वडील आठवले, नाडा मुठीतून सोडणारे.

ती चढताना मी दोन गोष्टी बघितल्या. पहिली म्हणजे, दोर तिला ओढत नव्हता. चढत होती ती तिच्याच हातापायांनी. दोन हात, दोन पाय, त्यातले तीन घट्ट आणि एकच हलवायचा. तो टेकला की मग पुढचा. दोर होता तो पडली तर धरायला. दुसरी गोष्ट खाली दोर धरून बसलेल्या पुतण्याची. त्याला ते लोक बिले देणं म्हणतात. त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. ती वर सरकली की तो तेवढा दोर ओढून घ्यायचा, पण ताठ नाही. मध्येच तिला आडवं सरकायचं होतं, तर ती ओरडली, "ढील!" त्यानं लगेच हातभर दोर सोडला. मी म्हणालो, "आरं, आवळून धर की. पडंल ना." तो म्हणाला, "आवळून धरलं तर ती हलणार कशी, तात्या? मग तिला दोरच खाली ओढंल."

मी काही बोललो नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर डोंगर उतरून घरापर्यंत आलं.

माझी पाळी आली. वरून दोर, खालून पोरांचा आरडाओरडा. माणूस घाबरला की काय करतो? दगडाला मिठी मारतो. मीही छाती कातळाला लावली. खालून पोरगी म्हणाली, "दादा, अंग लांब घ्या. मिठी मारली की पाय सुटतात." तसंच आहे ते. अंग दगडाला चिकटवलं की सगळा भार हातावर येतो आणि पाय घसरायला लागतात. अंग जरा बाहेर घेतलं की भार पायावर जातो, टाच खाचेत बसते आणि पुढची खोबण डोळ्याला दिसते. धापा टाकत पोचलो वर. गडावर पाण्याची टाकी आहेत, एक गुहा आहे. समोर कुलंग, मागं अलंग, आणि पूर्वेला आमचा सपाट मुलूख धुरकटलेला. शिदोरी खाल्ली आणि परत फिरलो.

खरी परीक्षा उतरताना. त्याला रॅपलिंग म्हणतात. कमरेच्या पट्ट्याला आठच्या आकड्यासारखं एक कडं, त्यातून दोर ओवलेला. दरीकडं पाठ करून काठावर उभं राहायचं आणि मागं रेलायचं. बाजेवर पडावं तसं, पण खाली बाज नाही. सगळं डोकं सांगतं की सरळ उभा राहा. आणि सरळ उभं राहिलं की पाय सटकतात, माणूस कातळावर आपटतो. पाय दगडाला काटकोनात रोवायचे तर अंग मागं टाकावंच लागतं. अर्धा भार दोरावर आणि अर्धा पायावर, असं तिथं चालत नाही. जो राखून रेलतो तोच घसरतो. जो पुरा रेलतो त्याचे पाय दगडाला चिकटतात.

मी काठावर किती वेळ उभा होतो कोण जाणे. आंबेवाडीचा पोरगा म्हणाला, "बाबा, दोराला बसू द्या तुम्हाला." मी बसलो. दोर करकरला, थोडा ताणला, आणि त्यानं मला धरलं. मग पाऊल मागं, पुन्हा पाऊल मागं, आणि खाली आलो.

संध्याकाळी आंबेवाडीत एका पडवीत चहा घेत बसलो होतो. मी पोरीला विचारलं, "तुला भ्या नाही वाटत?"

"वाटतं की. उद्या परत आले तरी वाटंल."

"मग?"

"भ्या वाटतं म्हणून तर दोर तपासते, गाठ दोनदा बघते. पण एकदा तपासला की मग त्याच्यावर अर्धं बसून काय उपयोग, दादा?"

ती कशाबद्दल बोलत होती हे दोघांनाही कळत होतं. पुढं बोलायची गरज पडली नाही.

घरी आल्यावर मी बरेच दिवस यावर विचार करत होतो. कांद्याला पाणी देताना विचार करायला वेळ भरपूर असतो. एक शंका मनात होती. असं सगळं टाकून देणं म्हणजे कड्यावरून उडी मारणं तर नाही? मग मला शुभवर्तमानातली सैतानाची गोष्ट आठवली. त्यानं येशूला मंदिराच्या टोकावर उभं केलं आणि म्हणाला, टाक उडी, देवदूत झेलतील. येशूनं उडी मारली नाही. देवाची परीक्षा बघायची नाही, असं सांगून त्यानं त्याला गप्प केलं. हाच येशू पुढं वधस्तंभावर बापाच्या हाती सगळा जीव सोपवतो. म्हणजे उडी वेगळी आणि भार टाकणं वेगळं. उडी मारणारा देवाला आपल्यामागं ओढतो, आणि भार टाकणारा आधी दोर बघतो, गाठ बघतो, वर कोण आहे हे ओळखतो आणि मग राखून ठेवत नाही. आमची पोरगी दोन वर्षं सिस्टरांच्या दवाखान्यात जाऊन येत होती, त्यांची पहाटेची प्रार्थना, त्यांची भांडणं, त्यांचं साधं जेवण, सगळं बघून आली होती. तिनं नाडा मुठीतून सोडून बघितला होता.

आणि त्या विधवेच्या दोन दमड्या. श्रीमंतांनी दानपेटीत किती टाकलं याचा हिशेब येशूनं केला नाही. तिच्यापाशी होतं ते सगळं तिनं टाकलं, हे त्यानं बघितलं. सगळं म्हणजे मोठं असावं लागत नाही. हे शेतकऱ्याला धीर देणारं आहे.

तिची आई मात्र अलीशाच्या गोष्टीवर अडली होती. जुन्या करारात आहे. अलीशा शेत नांगरत असतो, बारा जोड्या चालू. म्हणजे मोठा बागायतदारच म्हणायचा. एलिया संदेष्टा येऊन त्याच्या अंगावर आपला झगा टाकतो. अलीशा म्हणतो, आईबापांचा मुका घेऊन येतो. मग तो बैल कापतो, नांगराच्या लाकडावर त्यांचं मांस शिजवतो, लोकांना जेवू घालतो आणि निघून जातो. नांगर जाळला, म्हणजे परतायची वाटच ठेवली नाही. शेतकरी माणसाला हे वाचताना काटा येतो. आमची मंडळी म्हणाली, "अहो, त्याचा मुका घेतला तेव्हा त्याच्या आईला काय वाटलं, ते कुठंच लिहिलं नाही."

खरंच नाही लिहिलेलं. मी तिला मदनवरचं सगळं सांगितलं. दोर करकरला ते सांगितलं. मग पुतण्याचं सांगितलं, की दोर आवळून धरला तर चढणाराच खाली ओढला जातो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे धरायचं तर आहेच. सोडून नाही द्यायचं."

"धरायचं आहे. नजर हटवायची नाही. नुसती ढील द्यायची."

"मग जाऊ द्या तिला. पण महिन्याला फोन पायजे."

२०१४ च्या जूनमध्ये ती गेली. पेरणीचे दिवस होते. तिच्या पिशवीत आईनं शेंगदाण्याची चटणी आणि दोन नव्या चादरी भरल्या. पुतण्यानं तिला स्टँडवर सोडलं.

२०२४ साली तिचं कायमचं व्रतग्रहण झालं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन, तिन्ही आयुष्यभरासाठी. आम्ही सगळे गेलो होतो. संतांची नावं घेत सगळं देऊळ प्रार्थना म्हणत होतं, आणि ती वेदीपुढं फरशीवर पालथी पडली होती. कपाळ, छाती, हात, गुडघे, सगळं टेकलेलं. मला मदनचा काठ आठवला. शेजारी तिच्या आईनं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की वळ उठले. पण ती रडली नाही. प्रार्थना संपेपर्यंत तिची नजर पोरीवरून हलली नाही.

आता कुणी म्हणंल, सगळ्यांनी काय नांगर जाळायचे? नाही. मी माझा विकला नाही. आजही दोनात कांदा, एकात बाजरीच आहे. पीक वाटून लावावं, जीव वाटून लावू नये, एवढंच मला समजलंय. आणि तो एका दिवसात लावून होत नाही. कातळावर असतं तसंच, तीन टेकलेले ठेवून एक पुढं सरकवायचा. सकाळची प्रार्थना, शेजाऱ्याच्या बांधाचा वाद मिटवणं, मजुराचा पैसा शनिवारीच देणं. उत्साहाच्या भरात चारही सोडले तर माणूस वर जात नाही, खाली येतो. आणि भीतीनं चारही घट्ट धरून बसला तर जिथल्या तिथं दमतो. म्हातारपणी मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते.

७ सप्टेंबर २०२५ ला रोममध्ये फ्रासातीला संत म्हणून जाहीर केलं. तिचा संध्याकाळी फोन आला. तिकडं आदिवासी पाड्यावरच्या दवाखान्यात असते ती. म्हणाली, "दादा, माझा डोंगरवाला आज संत झाला." आनंदात होती. मग आवाज जरा खाली गेला. दोन दिवसांपूर्वी एक बाळंतीण वाचली नव्हती, रात्रीची गाडी मिळाली नाही म्हणून. "कधी कधी लई एकटं वाटतं," म्हणाली. मी म्हणालो, "आम्ही धरलंय." ती म्हणाली, "माहीत आहे." मग तिनं कांद्याचा भाव विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, अजून आठ दिवस चाळीतच राहू द्या.

तेव्हापासून रात्री आठला ती तिकडं आणि आम्ही इकडं जपमाळ धरतो. आमच्याकडं आठवडाभर रात्रीची लाईट असली की मोटर चालू करून बांधावरच बसावं लागतं. मग मंडळीही कंदील घेऊन शेतात येते. ती म्हणते आणि मी वाफा भरला की दार फोडायला उठतो, तिथूनच उत्तर देतो.